इंजिन धावते, बोट धावत नाही

जुन्या मोटारबोटीची एक तक्रार ठरलेली असते. रेस दिली की इंजिन ओरडते, आरपीएम चढतात, पण बोट त्या मानाने पुढे सरकत नाही. हळू चालवली तर सगळे ठीक असते. जोर मागितला की इंजिन मोकळे सुटल्यासारखे फिरते. अशा वेळी ‘पंखा घसरतो’ असे म्हटले जाते. इंजिन, गिअर, शाफ्ट, पंख्याचा रबर बुश, पाती आणि पाणी अशा साखळीतून ताकद जाते. यांतला कोणताही दुवा सुटला तरी बाहेरून दिसणारे लक्षण बरेचसे सारखेच असते. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या जलाशयातली सहलीची बोट असो किंवा गोदावरीच्या पुरात उतरवायची बचावाची बोट असो, हे निदान कसे करावे याबद्दल दोन भूमिका घेतल्या जातात. एक व्यवहारी माणसाची, दुसरी चिकित्सकाची.

व्यवहारी : जुन्या आउटबोर्ड इंजिनात संशयाची सुई आधी पंख्याच्या बुशाकडेच वळली पाहिजे. पंख्याचा धातूचा गाभा थेट शाफ्टवर बसत नाही. शाफ्टच्या उभ्या खाचांवर एक पितळी नळी बसते, नळीभोवती जाड रबर असते आणि ते रबर प्रेसखाली दाबून पंख्याच्या गाभ्यात बसवलेले असते. पकड असते ती मुख्यतः त्या दाबाची. गिअर टाकताना बसणारा हिसका आणि पाते कशावर आपटले तर येणारा धक्का हे रबर सोसून घेते. वर्षे उलटली की रबर कडक होते, त्याला तडे जातात, पकड ढिली पडते. मग थोड्या जोराला ती पुरते. मोठ्या जोराला नळी रबरासकट आतल्या आत फिरते आणि पंखा मागे राहतो. तक्रारीशी हे वर्णन तंतोतंत जुळते. तेव्हा चाचण्यांचा घोळ न घालता पंखा उतरवावा, नवा बुश बसवावा आणि बोट पाण्यात सोडावी. दोष गेला तर निदान आणि दुरुस्ती एकाच दमात झाली.

चिकित्सक : आणि दोष गेला नाही तर? तर एक भाग विनाकारण बदलला गेला, एक दिवस गेला आणि खरा दोष आहे तिथेच राहिला. शिवाय घसरण ही मुळात नेहमीच बिघाड नसते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. पंख्यावर कोरलेला पिच म्हणजे लाकडात फिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे तो एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल याचा हिशेब. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, म्हणून पंखा हिशेबापेक्षा नेहमीच कमी पुढे जातो. पाण्याला मागे ढकलल्याशिवाय बोटीला पुढे रेटा मिळत नाही, त्यामुळे थोडी घसरण हवीच. उदाहरणादाखल, इंजिन ५००० आरपीएमवर आहे, गिअरचे प्रमाण २ : १ आहे आणि पिच १३ इंच आहे असे धरू. पंखा मिनिटाला २५०० फेरे घेईल आणि हिशेबाचा वेग ताशी ४९.५ किलोमीटर निघेल. मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्यक्ष वेग ४० दिसला तर घसरण सुमारे १९ टक्के झाली. हलक्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीला साधारण १० ते २० टक्के घसरण स्वाभाविक मानतात. जड बोटीला ती याहून अधिक असते. तोच वेग २५ वर अडकला तर घसरण जवळजवळ ५० टक्के झाली, आणि मग बिघाड शोधायला लागावे. आकडा काढल्याशिवाय ‘घसरतो’ हा केवळ अंदाज ठरतो.

व्यवहारी : आकडे कागदावर चोख दिसतात, पण ते नव्या बोटीचे असतात. जुन्या बोटीत आरपीएम मीटर असलाच तर तो खरे सांगेल याची खात्री नसते. हातात दांडा धरून चालवायच्या कित्येक लहान इंजिनांना मीटर मुळात नसतोच. पंख्यावर १३ इंच कोरलेले असते, पण पाती चार वेळा ठोकून सरळ केलेली असतील तर तो १३ उरला आहे का, हे कोण सांगणार? तळातल्या फोमने पाणी प्यायले असेल तर बोटीचे वजन कितीतरी वाढलेले असते. त्यात ठिकाणाचा प्रश्न आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते आणि इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. किनाऱ्यावर पळणारी बोट जशीच्या तशी इथे आणली तर ती मंदावणारच. बोट पूर्वी किती पळत होती याची नोंद नसेल तर आजचा आकडा ताडून पाहायचा कशाशी?

चिकित्सक : नोंद नसली तरी दोषाची दिशा कळते, आणि निदानाची पहिली पायरी तीच आहे. विरळ हवा, कमजोर इंजिन, शेवाळलेला तळ किंवा पाणी प्यायलेला फोम, या सगळ्यांत वेग कमी होतो आणि आरपीएमही कमीच राहतात. इंजिन ओझ्याखाली दबलेले असते. घसरणीत उलटे घडते. वेग पडतो आणि आरपीएम चढतात, कारण इंजिनावरचे ओझेच नाहीसे झालेले असते. हा फरक मीटर नसला तरी कानाला कळतो. दबलेले इंजिन घोगरे वाजते, सुटलेले इंजिन एकदम वरच्या पट्टीत जाते. उंचीमुळे आलेला मंदपणा पहिल्या गटात मोडतो. त्यावर कमी पिचचा पंखा हा उपाय आहे, नवा बुश नव्हे. वेग मोजताना एक पथ्य पाळावे लागते. जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग सांगतो. जलाशयात एक मोजणी चालून जाते, पण वाहत्या गोदावरीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध अशा दोन मोजण्या घेऊन सरासरी काढली पाहिजे.

व्यवहारी : समजा दिशा कळली, आरपीएम चढतात आणि वेग पडतो. मग तरी बुशच दोषी ना?

चिकित्सक : अजून नाही. दिशा कळल्यावर उरलेले दुवे बाहेरून आत तपासत जायचे, कारण बाहेरचे दुवे बघायला खर्च नाही. त्याआधी इंजिन बंद करून किल्ली किंवा सुरक्षा-दोरी काढून घ्यावी आणि स्पार्क प्लगच्या वायरी सोडवाव्यात. पंखा हाताने फिरवताना इंजिन अचानक पेटले तर बोटे जातात. नाशिकच्या खालच्या अंगाला नांदूर मधमेश्वरपर्यंत गोदावरीत पाणवेली माजतात. त्यांच्या मुळ्यांचा गुंता पंख्याला बसला की पाती पाणी कापण्याऐवजी त्या गुंत्यासकट घुमत राहतात. मासे धरणाऱ्यांची तुटलेली तंगूस शाफ्टभोवती गुंडाळली जाते आणि मागचे सील कापते. त्यातून गिअरच्या घरात पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. पुढचा भाग म्हणजे पाती. उन्हाळ्यात गंगापूरची पातळी खाली गेली की एरवी पाण्याखाली असलेले काळे बेसाल्टचे खडक पंख्याच्या उंचीला येतात. एक पाते जरी टोकाला वाकले वा कडेला खरचटले तरी त्याची पाण्यावरची पकड बदलते. त्यानंतर पाहायची ती इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती साधारण तळाच्या पातळीला असायला हवी. इंजिन फार वर टांगलेले असेल किंवा फार बाहेर झुकवलेले असेल तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि पाणी-हवेच्या मिश्रणात मोकळा फिरतो.

व्यवहारी : हवा ओढली काय आणि बुश फिरला काय, चालवणाऱ्याला एकच अनुभव येतो. ते वेगळे कसे ओळखायचे?

चिकित्सक : दोष केव्हा उमटतो यावरून. पंखा हवा ओढत असेल तर दोष बहुधा वळणावर, लाटेवर किंवा सगळे प्रवासी पुढे सरकून मागची बाजू उचलली गेल्यावर दिसतो. रेस कमी केली की पकड लगेच परत येते आणि सरळ, शांत पाण्यात बोट नीट चालते. बुश सुटला असेल तर शांत पाण्यात, सरळ रेषेतही ठरावीक जोराला दोष उमटतो. घर्षणाने रबर तापले की तो वाढतो आणि इंजिन थोडा वेळ थांबवले की तात्पुरता कमी होतो. तिसरा प्रकार पोकळ्यांचा. पात्याच्या मागच्या बाजूला दाब इतका खाली जातो की तिथले पाणी थंड असतानाच वाफ बनते. ते बुडबुडे फुटताना धातू खातात आणि पात्यावर बारीक खड्ड्यांचे चट्टे उमटतात. वाकलेले पाते किंवा पंख्याच्या समोर आलेला एखादा अडथळा हे त्याचे नेहमीचे कारण असते. पोकळ्यांच्या या दोषाने अभियंता चार्ल्स पार्सन्सलाही अडवले होते. त्याने १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट पाण्यात सोडली, पण ती २० नॉट्सही गाठेना. वेगवेगळे पंखे लावून झाले, तरी फरक पडेना. मग शाफ्टमधून प्रत्यक्ष किती पीळ पुढे जातो हे मोजणारे उपकरण त्याने बसवले. टर्बाइन निर्दोष आहे आणि दोष पंख्यात आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. पुढे एकाऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे अशी रचना केल्यावर त्याच बोटीने १८९७ मध्ये ३४ नॉट्सचा वेग दाखवला. भाग बदलत राहण्याने जे कळले नाही ते मोजण्याने कळले.

व्यवहारी : पार्सन्सकडे वेळ होता आणि बोट प्रयोगाची होती. इथे बुशाची साधी परीक्षा आहे, तेवढीच करावी. शाफ्टच्या टोकाच्या नटापासून पंख्याच्या धातूपर्यंत रंगाने एक सरळ रेघ ओढायची. नटाला स्प्लिट पिन असते, त्यामुळे तो शाफ्टबरोबरच फिरतो. बोट जोरात चालवून आणायची आणि रेघ पाहायची. ती तुटली असेल, म्हणजे नटावरचा तुकडा एकीकडे आणि पंख्यावरचा दुसरीकडे गेला असेल, तर बुश फिरला. यापेक्षा मोठे शास्त्र लागत नाही.

चिकित्सक : रेघेची परीक्षा उत्तम आहे, फक्त तिची अट पाळली पाहिजे. त्याच फेरीत दोष प्रत्यक्ष घडायला हवा. बहुतेक वेळा चाचणी रिकाम्या बोटीत, एकटा चालक बसवून होते. तेवढ्या ओझ्याला ढिला बुशही टिकतो, रेघ सरळ राहते आणि बुश निर्दोष ठरवला जातो. म्हणून पाण्याचे कॅन किंवा वाळूची पोती भरून नेहमीइतके वजन करावे, आणि ओझे म्हणून माणसे बसवू नयेत. थांबलेल्या बोटीतून एकदम पूर्ण रेस द्यावी, कारण बुशावर सर्वाधिक ताण तेव्हा येतो. दोष घडला आणि रेघ तुटली, तर बुश दोषी. दोष घडला आणि रेघ अखंड राहिली, तर बुश निर्दोष. दोषच घडला नाही, तर काहीच सिद्ध झाले नाही. या तिसऱ्या निकालाला लोक दुसरा निकाल समजतात, तिथे घोटाळा होतो.

व्यवहारी : आणि रेघ अखंड असताना घसरण चालू राहिली तर?

चिकित्सक : मग दोष रेघेच्या बाहेर आहे. एकतर मागे, म्हणजे पाती आणि पाण्यात, किंवा पुढे, म्हणजे गिअरमध्ये. आउटबोर्डमध्ये पुढचा आणि मागचा गिअर दातांच्या क्लचने अडकतो. त्या दातांच्या कडा गोल झाल्या की जोराला ते एकमेकांवरून उडी मारतात. खट्-खट् आवाज येतो आणि बोटीला हिसके बसतात. बुश बहुधा असा आवाज करत नाही, तो गुपचूप सरकतो. पुढच्या गिअरचे दात झिजले असतील तर मागच्या गिअरमध्ये दोष दिसेलच असे नाही. बुश मात्र दोन्ही दिशांना सुटू शकतो. इथे एक सावधगिरी हवी. ज्या इंजिनांचा धूर पंख्याच्या गाभ्यातून बाहेर जातो, त्यांत मागे जाताना तोच धूर पात्यांकडे ओढला जातो आणि पकड आपोआप कमी होते. म्हणून केवळ मागच्या गिअरवरून निवाडा करू नये. गिअरच्या तेलात धातूचा कीस दिसला तर पुराव्याचे पारडे गिअरकडे झुकते. फार जुन्या लहान इंजिनांत बुशाऐवजी मऊ धातूची पिन असते. ती तुटली की पंखा अर्धवट घसरत नाही, रेटा एकदम संपतो. इंजिन बोटीच्या पोटात आणि ड्राइव्ह मागे बाहेर असेल तर इंजिनाला लागून असलेल्या कपलरचे रबर सुटते, तेव्हा जळक्या रबराचा वास झाकणाखालून येतो. सरळ शाफ्टच्या बोटीत पंखा निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला असतो. तिथे चावी पाहावी आणि गिअरबॉक्सचे तेल पाहावे, कारण तेल कमी झाले की आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात.

व्यवहारी : ठीक आहे, बुशच दोषी ठरला असे धरू. सुटा भाग जवळ मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, आणि पूर भाग येईपर्यंत थांबत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवून गेले. असा पूर येतो तेव्हा बोट तासाभरात लागते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आहे, वेल्डिंग आहे. पितळी नळी आणि पंखा एकत्र पिनने ठोकून किंवा वेल्ड मारून कायमचे पक्के करावेत. मग घसरायला काही उरतच नाही. सहलीच्या बोटीचे रबर सुटले तर माणसे उशिरा काठाला लागतील. पुरात सुटले तर बोट पुलाच्या खांबावर जाईल. बचावाच्या बोटीत मुद्दाम सुटणारा दुवा ठेवावाच कशाला?

चिकित्सक : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण पक्का केलेला पंखा धोका संपवत नाही, तो गिअरकडे सरकवतो. पुराच्या गढूळ पाण्यात लाकडे, तारा, बुडालेले कठडे दिसत नाहीत. पाते त्यांवर आपटले की पक्क्या जोडणीतून सगळा धक्का गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर जातो. सुटलेल्या बुशावर निदान हळू रेसवर काठ गाठता येतो; गिअर तुटला की काहीच उरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचा पंखा नरम होतो, तिरका बसतो आणि त्याची थरथर सील खराब करते ते वेगळेच. आता बऱ्याच पंख्यांना रबराऐवजी बदलता येणारी प्लास्टिकची नळी असते. ती धक्क्याला तुटते आणि साध्या हत्याराने काठावर बदलता येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चांगल्या बुशाचा दुसरा पंखा, नट, वॉशर, स्प्लिट पिना आणि पाना बोटीतच ठेवणे. बसवताना शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे आणि पंख्याच्या पुढचा थ्रस्ट वॉशर विसरू नये, नाहीतर पंखा गिअरच्या घराला घासतो.

व्यवहारी : जादा पंखा मान्य. पण पुराव्याचा हट्ट बचावाच्या बोटीला परवडत नाही. ती वर्षातले कित्येक महिने शेडमध्ये उभी असते. रबर चालण्याने झिजते तसे नुसते पडून राहूनही म्हातारे होते. मे महिन्यात संथ पाण्यात रेघ अखंड राहिली म्हणून ऑगस्टच्या लोंढ्यात ती राहील असे नाही. अशा बोटीचा बुश दोष दिसण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी बदलला पाहिजे. निदान तिथे उशिराचे ठरते.

चिकित्सक : वयाप्रमाणे बदलणे हा देखभालीचा नियम आहे आणि बचावाच्या बोटीला तो लागू असावा, हे मान्य करावे लागेल. पण देखभाल निदानाची जागा घेत नाही. बुश नवा आहे एवढ्यावर विसंबून राहिले, तर हवा ओढणारी इंजिनाची उंची, वाकलेले पाते आणि झिजलेला गिअर तसेच राहून जातात, आणि ‘नुकताच बदलला आहे’ या समाधानात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्यांना घाटांजवळ बोटी तैनात होतात, तिथे फेरी छोटी आणि रेस कमी असते. अशा कामात कोणताच दोष वर येत नाही. पूर्ण ओझ्याची चाचणी झाल्याशिवाय नवा भागही विश्वासाचा नव्हे.

व्यवहारी : म्हणजे चाचणी हवी आणि दोषाची वाट न पाहता बदलही हवा. मग वाद उरला कुठे?

चिकित्सक : तो उरतो एकच बोट दोन्ही कामांना वापरली जाते तेव्हा. सहलीच्या बोटीला पुरावा मिळेपर्यंत थांबता येते, बचावाच्या बोटीला येत नाही. हंगामात सहल आणि पुरात बचाव करणाऱ्या बोटीला कोणता नियम लावायचा आणि किती वर्षांनी बुश टाकून द्यायचा, हे कोणतेही पुस्तक परस्पर सांगू शकत नाही. ते त्या बोटीच्या स्वतःच्या नोंदींतून ठरेल, आणि त्या नोंदी आज बहुतेक जुन्या बोटींना नाहीत.

व्यवहारी : आणि आज सुरू केलेली नोंद आधीच थकलेल्या बोटीची असेल. ती बिघाडाचीच पातळी ‘नेहमीची’ म्हणून लिहून ठेवेल.

चिकित्सक : ती त्रुटी राहील. तरीही थकलेल्या बोटीच्या नोंदीवरून ती पुढच्या वर्षी अधिक थकली की नाही, एवढे कळते. नोंदच नसेल तर तेही कळत नाही. म्हणून जुनी मोटारबोट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी दर पावसाळ्याआधी वहीच्या एका पानावर एवढे लिहावे : पूर्ण ओझ्यावरचा वेग, त्या वेळचे आरपीएम, पंख्याचा पिच, बुश बसवल्याचे वर्ष, गिअरच्या तेलाचा रंग, आणि रेघ अखंड राहिली की तुटली.